जीटी३चा भाव कसा पारखावा: ट्रॅकवर पळवायची पोर्शे घेताना आणि विकताना

सहा वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका थंड सकाळी सॅन होजेजवळच्या एका वर्कशॉपमध्ये मी २०१० सालच्या पोर्शे ९११ जीटी३शेजारी, म्हणजे ९११च्या ट्रॅकसाठी बनवलेल्या आवृत्तीशेजारी, उभा होतो. गाडी लिफ्टवर चढवलेली. पांढरा रंग, १९ हजार मैल रनिंग, ड्रायव्हरच्या सीटच्या कडेला साधी सुरकुतीही नाही. किंमत तशाच इतर गाड्यांपेक्षा सात-आठ हजार डॉलरने कमी सांगितली होती. मनातल्या मनात मी ती घरी आणून गॅरेजमध्ये लावलीही होती. तेवढ्यात मेकॅनिकने लॅपटॉपवरून काढलेला एक कागद माझ्या हातात दिला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. रेंज ६, आकडा ३१, तास ५५२. त्याखाली इंजिन एकूण किती तास चाललं तेही होतं: ५६१.

अर्थ असा, की इंजिनच्या फक्त नऊ तास आधी कोणीतरी वेगात असताना चुकीचा गिअर टाकला होता. पाचव्यातून चौथ्यात जाणारा हात दुसऱ्यात गेला की चाकं इंजिनला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवतात. इंजिनचा वेग मर्यादेत ठेवणारा रेव्ह लिमिटर तिथे काही करू शकत नाही, कारण तो फक्त इंधन तोडतो आणि इथे जोर चाकांकडून येत असतो. व्हॉल्व्ह वेळेत बंद होत नाहीत, पिस्टनला लागू शकतात, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट ताणले जातात. इंजिन लगेच बसेलच असं नाही, पण पुढच्या ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायच्या दिवशी, बसणार नाही याची हमीही कोणी देत नाही. विकणाऱ्याला हे ठाऊक होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. तपासणीचे पैसे भरून मी घरी आलो.

पुढच्या वर्षी मी २०१५ची जीटी३ घेतली. आजही तीच चालवतो आणि वर्षातले आठेक दिवस थंडरहिल, सोनोमा नाहीतर लगुना सेकाच्या ट्रॅकवर असतो. इथले बरेच मराठी मित्र आता या नादात पडलेत, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: 'एवढी किंमत बरोबर आहे का?' त्याचं उत्तर शोधायची माझी पद्धत इथे सविस्तर लिहितो. सगळा हिशोब अमेरिकेतल्या बाजाराचा आणि जीटी३ घराण्याचा आहे, कारण मला तोच नीट माहीत आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो: या गाड्यांच्या किमतीत सगळ्यात मोठा वाटा पुराव्याचा असतो. कमी पळालेल्या पण कागद नसलेल्या गाडीपेक्षा ट्रॅकवर वापरलेली आणि प्रत्येक वापराची नोंद असलेली गाडी मी डोळे मिटून पसंत करेन.

पायरी १: गाडी कशासाठी हवी ते ठरवा

ट्रॅकसाठी, रविवारी डोंगरातल्या रस्त्यांसाठी की जपून ठेवायला? तिन्ही गरजांची गाडी वेगळी आणि भावही वेगळा. जपून ठेवणारा तीन हजार मैल पळालेल्या गाडीला घसघशीत जास्त पैसे देतो. तेच पैसे देऊन तुम्ही ती ट्रॅकवर नेलीत तर पहिल्याच वर्षी ती जादा रक्कम तुमच्या हातून जाते. ट्रॅकसाठी गाडी घेणाऱ्याने १५ ते ३० हजार मैल पळालेली गाडी बघावी. कमी रनिंगसाठीचं जास्तीचं मोल आधीच्या मालकाच्या काळात संपलेलं असतं.

पायरी २: पिढ्या ओळखा, आणि नवी असताना त्यांची किंमत काय होती ते पाठ करा

९९६, ९९७, ९९१, ९९२ ही ९११च्या एकामागोमाग आलेल्या पिढ्यांची कारखान्यातली नावं. जीटी३ १९९९मध्ये ९९६ पिढीत आली, पण अमेरिकेत ती २००४च्या मॉडेलपासून मिळू लागली. ऑप्शन आणि पोहोचवणी खर्च धरले नाहीत तर इथल्या मूळ किमती अशा:

२००४ची ९९६: ९९,९०० डॉलर
२००७ची ९९७: १,०६,०००
२०१०ची ९९७, ३.८ लिटर: १,१२,२००
२०१४ची ९९१: १,३०,४००
२०१८ची ९९१, ४.० लिटर: १,४३,६००
२०२२ची ९९२: १,६१,१००
२०२५ची सुधारित ९९२: २,२२,५००

शेवटच्या दोन ओळींमधली उडी बघा. ६१ हजार डॉलरहून जास्त, म्हणजे अडतीस टक्के. नव्या गाडीची किंमत अशी चढली की जुन्या गाड्यांना आपोआप आधार मिळतो. दीड-पावणेदोन लाखाचं बजेट असलेला माणूस पूर्वी नवी जीटी३ बुक करायचा, आता तो वापरलेल्या ९९१ आणि ९९२च्या रांगेत येऊन उभा राहतो. वापरलेल्या गाडीचा भाव बघताना नव्या गाडीचं दरपत्रक शेजारी ठेवायचं ते याचसाठी.

आता प्रत्येक पिढीची खोड, म्हणजे भावावर परिणाम करणारी गोष्ट.

९९६ आणि ९९७मध्ये पोर्शेचे इंजिन अभियंते हान्स मेत्सगर यांच्या नावाने ओळखलं जाणारं इंजिन आहे. १९९८ची ल मान शर्यत जिंकलेल्या ९११ जीटी१ गाडीशी त्याचं थेट नातं. दोन्ही पिढ्या फक्त मॅन्युअल गिअरच्या, स्टिअरिंग हायड्रॉलिक. जुन्या पद्धतीने गाडी चालवणारे यांच्यावर जीव टाकतात आणि किमतीत ते दिसतं. मात्र या इंजिनच्या कूलंट पाइपांचे जोड गोंदाने चिकटवलेले असतात. उष्णतेने तो गोंद सुटला की पाइप निखळतो आणि सगळं पाणी मागच्या टायरांवर येतं. वळणात हे झालं तर गाडी भिंतीवर जाते, मागून येणारेही घसरतात. म्हणून हे जोड वेल्ड करून किंवा पिन ठोकून पक्के केलेत का, ते विचारा. केले असतील तर बिल मागा. नसतील तर इंजिन उतरवण्याची मजुरी धरून तेवढी रक्कम भावातून वळती करा.

२०१४-१५च्या ९९१वर जरा थांबतो, कारण माझी गाडी त्यातली आहे आणि सगळ्यात जास्त गैरसमजही तिच्याबद्दलच आहेत. ४७५ अश्वशक्ती, ९,००० आरपीएम, मागची चाकंही वळतात आणि गिअरबॉक्स फक्त पीडीके, म्हणजे पोर्शेचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक. २०१४च्या सुरुवातीला काही गाड्यांना आग लागली. कनेक्टिंग रॉडचा बोल्ट सैल होत असल्याचं निघालं. तोवर ग्राहकांकडे गेलेल्या ७८५ गाड्या न चालवण्याची सूचना पोर्शेने दिली आणि सगळ्यांची इंजिनं बदलून दिली. पुढे काही इंजिनांमध्ये व्हॉल्व्ह उघडणारे फिंगर फॉलोअर झिजायला लागले. तेव्हा कंपनीने अमेरिकेत इंजिनची हमी दहा वर्षं किंवा १ लाख २० हजार मैलांपर्यंत वाढवली.

ही हमी भावात कशी उतरते ते बघा. २०१४मध्ये पहिल्यांदा रस्त्यावर आलेल्या गाडीची मुदत २०२४मध्ये संपली. त्याआधी 'काही झालं तर कंपनी बघेल' म्हणून गिऱ्हाईक निर्धास्त असायचं. आता ती जोखीम त्याच्या डोक्यावर आहे. त्यामुळे या पिढीत इंजिन नंबर विचारल्याशिवाय भावाची गोष्टच काढू नका. शेवटच्या सुधारणेचं इंजिन 'जी' अक्षराने ओळखलं जातं. हमीत बदललेलं, 'जी' अक्षराचं इंजिन आणि त्याचं डीलरचं कामपत्र असेल, तर 'मूळ इंजिन नाही' हा आक्षेप इथे उलटा धरायचा. बदललेलं इंजिन म्हणजे या गाडीची जमेची बाजू.

२०१८ची ९९१ त्यामानाने निश्चिंत आहे. चार लिटरच्या इंजिनमध्ये व्हॉल्व्हची फट आपोआप भरून काढणारे हायड्रॉलिक भाग काढून टाकले आणि मॅन्युअल गिअर परत आला. ९९२मध्ये पुढच्या बाजूला डबल विशबोन सस्पेन्शन आलं. ट्रॅकवर त्याचा फरक पहिल्याच लॅपमध्ये हाताला कळतो.

बजेट इथवर पोहोचत नसेल तर मन खट्टू करू नका. २०१६ची केमन जीटी४ नवी असताना ८४,६०० डॉलरपासून मिळत होती. इंजिन मधोमध, गिअर फक्त मॅन्युअल, ३८५ अश्वशक्ती. माझी सुरुवात तिच्यावरच झाली. ट्रॅकवर शिकायला यापेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही.

पायरी ३: सांगितलेला भाव सोडा, झालेला भाव गोळा करा

माझे आजोबा खटाव तालुक्यात पुसेगावच्या यात्रेत खिल्लार बैलांचे सौदे करायचे. उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरायचा. शेजारी उभ्या माणसालाही बैल कितीला गेला ते कळत नसे. गाड्यांच्या बाजारातही बरीच वर्षं हेच चालत होतं: डीलरने लावलेली किंमत सगळ्यांना दिसायची आणि प्रत्यक्षात सौदा कितीला तुटला ते गुलदस्त्यात राहायचं. आता ऑनलाइन लिलावांमुळे झालेला भाव उघड दिसतो. ब्रिंग अ ट्रेलरसारख्या ठिकाणी तारीख, रनिंग, ऑप्शन, फोटो आणि शेवटची बोली, सगळं कायमचं राहतं. राखीव किंमत न गाठल्यामुळे न विकलेली गाडीसुद्धा कामाची माहिती देते. बाजार तिला कुठवर द्यायला तयार होता ते कळतं.

गेल्या सहा महिन्यांत विकल्या गेलेल्या त्याच पिढीच्या दहा-बारा गाड्या वहीत उतरवा. जुने आकडे घेऊ नका. २०२१-२२मध्ये नव्या गाड्या मिळत नसल्यामुळे भाव पेटले होते, ते धरून बसलात तर फसाल. मग प्रत्येक गाडीला आपल्या गाडीच्या मापाला आणा.

समजण्यापुरतं एक उदाहरण घेऊ. लिलावात ११ हजार मैलांची, सिरॅमिक ब्रेकची, बकेट सीटची एक २०१५ जीटी३ १ लाख ३८ हजारांना गेली. तुमच्या समोरची गाडी २१ हजार मैलांची, लोखंडी ब्रेकची, बकेट सीटचीच. वहीतल्या इतर जोड्यांवरून दहा हजार मैलांचा फरक साधारण सहा हजारांचा दिसतो, सिरॅमिकचा दोन हजारांचा. म्हणजे तुमच्या गाडीचा रास्त भाव १ लाख ३० हजार. आता समोरच्या गाडीला नवे टायर लागणार असतील, ब्रेक झिजले असतील, तर तो खर्च वजा करा. अशा चार-पाच जोड्या केल्या की आकडा आपोआप एका जागी स्थिरावतो. घासाघीस करताना ही वहीच समोर ठेवावी. विकणारा समंजस असेल तर तोही तिचा मान राखतो.

करही विसरू नका. कॅलिफोर्नियात विक्रीकर किमान सव्वासात टक्के, अनेक काउंटींमध्ये त्याहून जास्त. १ लाख ३० हजारांवर किमान ९,४२५ डॉलर झाले, आणि खासगी माणसाकडून गाडी घेतली तरी ते चुकत नाहीत. इथे जुनी गाडी डीलरला दिली तरी कर पूर्ण किमतीवर बसतो. न्यू जर्सीत तसं नाही. तिथे ६.६२५ टक्के कर जुन्या गाडीची रक्कम वजा करून लागतो. ६० हजारांची जुनी गाडी दिलीत तर ३,९७५ डॉलर वाचतात, त्यामुळे तिकडच्या मित्रांना डीलरने दिलेला थोडा कमी भावही परवडतो. लिलावातून घेत असाल तर खरेदीदाराची फी आणि गाडी वाहून आणण्याचं भाडं बोली लावण्याआधीच वजा करून ठेवा.

पायरी ४: कोणत्या ऑप्शनचे पैसे परत येतात

मॅन्युअल गिअर जिथे पर्याय होता, म्हणजे २०१८पासून पुढे, तिथे तो भावात जास्त पकडून राहतो. मागचा मोठा पंख नसलेली टूरिंग आवृत्तीही तशीच. ट्रॅकवर मात्र पंख आणि पीडीके असलेली गाडी जास्त वेगवान असते, आणि बऱ्याचदा स्वस्त पडते. माझ्यासारख्याला हा फायद्याचाच सौदा.

कार्बनच्या घडीच्या बकेट सीट नंतर बसवायला फार महाग पडतात, म्हणून त्या असलेली गाडीच शोधा. पुढचा भाग उचलणारी लिफ्ट रोजच्या वापरात सोन्यासारखी आहे, आणि विकताना तिच्याबद्दल प्रत्येक जण विचारतो. खास मागवून केलेला रंग असेल तर जपून ठेवणारे हौशी त्याचे बरेच पैसे देतात. ट्रॅकवर दगड त्या रंगालाही तसेच लागतात, तेव्हा तुम्ही साधा पांढरा किंवा राखाडी घ्या.

सिरॅमिक ब्रेकबद्दल जास्त लिहायला हवं. पिवळ्या कॅलिपरवरून ते लांबून ओळखू येतात. वजनाला हलके, रस्त्यावर जन्मभर टिकतील असे. ट्रॅकवर सतत तापले की मात्र डिस्कमधला कार्बन जळत जातो आणि डिस्क हळूहळू हलकी होते. जाडीवरून हे कळत नाही, म्हणून डिस्कच्या मधल्या धातूच्या भागावर किमान वजन कोरलेलं असतं. डिस्क काढून वजन करायचं किंवा झीज मोजणाऱ्या यंत्राने तपासायचं. चारही डिस्क अधिकृत वर्कशॉपमध्ये बदलायच्या झाल्या तर बिल वीस हजार डॉलरच्या पुढे जातं. जाणकार मालक गाडी घेतल्याबरोबर सिरॅमिक डिस्क काढून खोक्यात ठेवतात, ट्रॅकवर लोखंडी डिस्क वापरतात आणि विकताना सिरॅमिक परत चढवतात. अशी खोकी ज्याच्या गॅरेजच्या फळीवर दिसतील, त्याच्या गाडीकडे मी आदराने बघतो.

एक सावधगिरी: युरोपातल्या गाड्यांचे फोटो बघून अर्धा पिंजरा आणि सहा पट्ट्यांचा बेल्ट असलेलं क्लबस्पोर्ट पॅकेज शोधत बसू नका. जीटी३वर ते अमेरिकेत कारखान्यातून मिळत नव्हतं. इथल्या गाडीत पिंजरा दिसला तर तो नंतर बसवलेला आहे. तो कोणी बसवला आणि त्यासाठी कुठे भोकं पाडली, ते विचारा.

पायरी ५: कागद आणि तपासणी

पहिला कागद ओव्हर-रेव्ह रिपोर्ट. इंजिनचा संगणक, डीएमई, मर्यादेच्या आसपास आणि त्यापलीकडे झालेल्या प्रत्येक प्रज्वलनाची नोंद ठेवतो. ९९७पासून त्याच्या सहा रेंज आहेत. रेंज १ आणि २मध्ये हजारो आकडे दिसले तर घाबरू नका, गाडी लिमिटरपर्यंत मनसोक्त चालवली एवढाच त्याचा अर्थ. सहा सिलिंडरच्या इंजिनमध्ये प्रत्येक फेरीला तीन प्रज्वलनं होतात. ८,५०० आरपीएमला सेकंदाला ४२५. म्हणजे पहिल्या रेंजमधले चार हजार म्हणजे आयुष्यभरात मिळून जेमतेम दहा सेकंद. ४, ५, ६ या रेंज मात्र चुकलेल्या गिअरच्या. मला दाखवलेला ३१चा आकडा सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळाचा होता, पण तेवढा वेळ पुरेसा असतो. प्रत्येक रेंजसमोर शेवटची घटना कोणत्या तासाला घडली तेही लिहिलेलं असतं. त्यानंतर गाडी दोनशे तास सुरळीत चालली असेल तर जोखीम बरीच कमी, नऊ तासच झाले असतील तर दूर राहा. पीडीकेमध्ये संगणक चुकीचा गिअर घेऊच देत नाही, त्यामुळे हा प्रश्न मुख्यतः मॅन्युअलचा.

याच कागदावरून आणखी एक हिशोब निघतो, तो फार थोडे लोक करतात. एकूण मैलांना इंजिनच्या तासांनी भागा. १९ हजार मैल आणि ५६१ तास म्हणजे ताशी सरासरी ३४ मैल. रस्त्यावर वापरलेल्या गाडीचा हा आकडा तीसच्या आसपास असतो. तो फारच विचित्र आला, तर ओडोमीटरबद्दल किंवा बदललेल्या संगणकाबद्दल स्पष्ट विचारा.

दुसरं, अपघात. ट्रॅकवरचा अपघात कारफॅक्समध्ये, म्हणजे गाडीच्या इतिहासाच्या ऑनलाइन अहवालात, सहसा दिसत नाही. साधा विमा ट्रॅकवरचं नुकसान देत नाही, पोलिसांत नोंद होत नाही, मालक स्वतःच्या खिशातून काम करून घेतो. म्हणून कोरा इतिहास बघून खूश होऊ नका. रंगाची जाडी मोजणारं यंत्र प्रत्येक पॅनेलवर लावा. पुढच्या फेंडरच्या आणि बॉनेटच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे आहेत का ते बघा. चाकांच्या कमानीत रबराचे चिकटलेले गोळे, बंपरमधल्या टो-हुकच्या आट्यांची झीज, खालच्या प्लास्टिकवर घासल्याच्या रेघा, सीटच्या खांद्यावर बेल्टचे वळ: या सगळ्या ट्रॅकच्या खुणा. त्या असणं वाईट नाही. मालक 'ट्रॅकवर कधीच नेली नाही' म्हणत असेल आणि खुणा असतील, तर वाईट.

तिसरं, मधोमध एकच नट असलेली चाकं. तो नट ६०० न्यूटन-मीटरने आवळावा लागतो. त्याला लांब दांड्याचा टॉर्क रेंच लागतो, आणि आवळताना कोणीतरी आत बसून ब्रेक दाबून धरावा लागतो. हबची देखभाल वेळेवर झाली का ते विचारा. मालकाकडे स्वतःचा असा रेंच असेल तर त्याने गाडी समजून वापरली, असं मी धरतो.

तपासणी कायम तुम्ही निवडलेल्या, जीटी गाड्यांची सवय असलेल्या वर्कशॉपमध्ये करा. गाडी दुसऱ्या राज्यात असली तरी. तपासणी होईपर्यंत इसार द्यायची वेळ आली, तर 'तपासणीत दोष निघाल्यास परत' असं लेखी घ्या.

पायरी ६: ट्रॅकवरच्या एका दिवसाचा खरा खर्च काढा

नवे मित्र घसाऱ्याचीच चिंता करत बसतात. कागदावर मांडून बघू, आकडे माझ्या अंदाजाचे. गाडी १ लाख ३० हजारांना घेतली, पाच वर्षांनी १ लाख १५ हजारांना विकली. घसारा १५ हजार, विक्रीकर ९,४२५. वर्षाला आठ दिवस म्हणजे चाळीस दिवस ट्रॅक. ट्रॅकसाठीच्या कप २ टायरचे सात संच, प्रत्येकी २,२०० धरून १५,४००. पॅड, लोखंडी डिस्क, ब्रेक ऑइल मिळून १२ हजार. ट्रॅकची फी ३५० प्रमाणे १४ हजार. एका दिवसापुरता ट्रॅकचा विमा ३०० धरला तर तो १२ हजार. एकूण ७७,८२५, म्हणजे दिवसाला जवळपास १,९५० डॉलर.

यात घसारा दिवसाला ३७५ डॉलर, पाचव्या हिश्श्याहूनही कमी. विकताना भाव पडेल या भीतीने गाडी उभी ठेवणारे लोक मला भेटतात. त्यांना मी हा हिशोब दाखवतो. पैसे जातात ते टायर, ब्रेक आणि विम्यात. ते परवडत नसतील तर जीटी३ स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, जीटी४ घ्या. आणि विमा टाळू नका. भिंतीला लागलेल्या गाडीला रिसेल नसतो.

पायरी ७: कारखान्यात काय शिजतंय तिकडे कान ठेवा

२०१६च्या जिनिव्हा प्रदर्शनात पोर्शेने ९११ आर आणली. एकूण नगच ९९१, इंजिन ४.० लिटर, मॅन्युअल, पंख नाही. त्या वेळी जीटी३मध्ये मॅन्युअल मिळतच नव्हता. १,८४,९०० डॉलरच्या या गाडीला काही महिन्यांत तिच्या किमतीच्या दुप्पट-तिप्पट भाव सांगितले जाऊ लागले. मार्च २०१७मध्ये त्याच जिनिव्हात नवी जीटी३ मॅन्युअलसह आली, सप्टेंबरमध्ये टूरिंगही आली, आणि ९११ आरचा फुगवटा उतरला. गाडी तीच होती, तशीच सुंदर होती. फक्त 'हे दुसरीकडे मिळत नाही' हे कारण संपलं होतं. नवी जीटी३ येण्याच्या तोंडावर एखादी गाडी चढ्या भावाने घेताना स्वतःला विचारा: हिच्यात जे खास आहे ते पुढच्या मॉडेलमध्ये आलं तर?

नफ्यासाठी लगेच विकणाऱ्यांवर कंपन्यांचीही नजर असते. २०२३च्या ९११ एस/टीच्या १,९६३ गाड्या होत्या. अमेरिकेत ग्राहकाला पहिलं वर्ष ती भाडेकरारावरच दिली, म्हणजे विकायचा हक्कच नाही. गाडी खऱ्या चालवणाऱ्याच्या हातात जावी यासाठी केलेली ही व्यवस्था मला मनापासून पटते.

बाबा दर दिवाळीला फोनवर विचारतात, 'परत येशील तेव्हा ही गाडी साताऱ्याला आणता येईल का?' इथल्या बऱ्याच जणांच्या मनात हा हिशोब असतो, म्हणून सांगतो: नाही. भारतात आणायच्या जुन्या गाडीला उजव्या हाताचं स्टिअरिंग लागतं आणि ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, शिवाय जबर आयात शुल्क. परत जायचं असेल तर गाडी इथेच विकायची, हे धरूनच घ्या.

पायरी ८: घेतल्या दिवसापासून विकायची तयारी ठेवा

एक जाड फाइल करा. प्रत्येक ऑइल बदल, ब्रेक ऑइल, पॅड, टायर, तारखेसह. पोर्शे क्लब ऑफ अमेरिकाच्या ट्रॅक दिवसांआधी गाडीची तपासणी करून जो फॉर्म भरावा लागतो, तोही ठेवा. वर्षातून एकदा ओव्हर-रेव्ह रिपोर्ट काढून त्यात लावा. पुढच्या भागावर पारदर्शक फिल्म लावून घ्या. ती झिजली की बदलता येते, रंग वाचतो.

बदल जपून करा. सायलेन्सर, सस्पेन्शन, चाकं यांवर घातलेले पैसे विकताना परत येत नाहीत. आवाज वाढवला तर लगुना सेकाच्या आवाजाच्या मर्यादेत गाडी बसत नाही, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला तर कॅलिफोर्नियाची स्मॉग चाचणी अडते. काहीही बदलाल तरी मूळ भाग खोक्यात घालून नाव लिहून ठेवा.

विकताना वसंत ऋतू गाठा. ईशान्येकडच्या बर्फाच्या राज्यांतले गिऱ्हाईक मार्चपासून शोधायला लागतं. डीलरला दिलीत तर सुटसुटीत, पण भाव कमी. लिलावात प्रश्न फार विचारतात, कागद पक्के असतील तर तेच तुमच्या फायद्याचं. जाहिरातीत दगडाच्या खुणांचे फोटो आधी टाका, रिपोर्ट न मागता जोडा, ट्रॅकचे दिवस आकड्यात लिहा.

माझी जीटी४ मी अशीच विकली होती. एकतीस हजार मैल, सव्वीस ट्रॅक दिवस, सगळं लिहिलेलं. सॅक्रामेंटोहून एक तरुण आला. त्याने गाडीभोवती एकच चक्कर मारली आणि मग गॅरेजच्या फरशीवर मांडी घालून तासभर फाइल वाचत बसला. बायकोने चहा दिला, तो तसाच निवला. मग उठून म्हणाला, 'सोनोमाला टायर इतक्या लवकर संपले होते, का?' मी सांगितलं, त्या दिवशी ट्रॅक फार तापला होता आणि मी हवेचा दाब कमी करायला विसरलो होतो. त्याने मान डोलावली आणि सांगितलेल्या किमतीचा चेक लिहायला घेतला.